रुळाच्या बाजूने चाल

प्रिय बाय,

तू पाठवलेला नकाशा पाहिला. गोव्यातल्या वास्कोपासून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकपर्यंत तू लाल रेघ ओढली आहेस आणि ती सगळीच्या सगळी रेल्वेच्या रुळांवरूनच गेली आहे. खाली तीन प्रश्न. परदेशात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांच्या पायवाटा करतात, तशी वाट आपल्याकडे का नाही? कुळे स्टेशनाच्या पुढचा घाट वगळला तर चालणं अर्धवट राहील का? आणि मैत्रिणी म्हणतात तसं पहाटे, कोणी अडवायच्या आत, बोगद्यांतून निघून गेलं तर बिघडलं काय?

एकटीने जाऊ का, हे तू विचारलं नाहीस. बरं केलंस. ते तुझं ठरलेलं आहे, त्यात मी बोलण्यासारखं काही नाही. घरच्यांना सांगून निघ, एवढंच.

तिन्ही प्रश्नांना माझं उत्तर एकच आहे. रुळावर पाय ठेवायचा नाही. वास्कोत नाही, चांदरला नाही, घाटात तर नाहीच नाही. रेल्वेच्या बाजूने चाल, ती दिसत राहील अशी चाल, तिचा भोंगा ऐकत चाल, पण रुळावरून चालायचं नाही. हे वाक्य या पत्रात तुला पुन्हापुन्हा भेटणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

आधी परदेशातल्या वाटांचं. न्यूझीलंडमध्ये ओटागो सेंट्रल म्हणून एक वाट आहे, मिडलमार्च ते क्लाइड, १५२ किलोमीटर. तिथली रेल्वे १९९० साली बंद पडली, रूळ उचलले गेले आणि २००० सालापासून त्या जागेवरून लोक चालू लागले, सायकली चालवू लागले. पूल जुनेच, बोगदे जुनेच, फक्त गाडी यायची थांबली. आपली रेल्वे जिवंत आहे, बाय. १८८७ साली ती मुरगावहून सावर्ड्यापर्यंत आली, १८८८ साली घाट चढून पलीकडे गेली. १९५५ साली सीमा बंद झाली तेव्हाची वर्षं सोडली तर तिची येजा चालूच आहे. १९९०च्या दशकात अरुंद मीटरगेज गेलं आणि रुंद ब्रॉडगेज आलं तेही बहुतेक त्याच मार्गावरून, त्यामुळे चालणाऱ्यांसाठी मागे सुटी जमीन उरली नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. चालायला वाट मिळावी म्हणून गाडी बंद पडावी, हा सौदा मला नको.

माझे वडील कीमन होते. सावर्डे आणि काले यांच्या मधला तुकडा त्यांच्याकडे होता. रोज सकाळी खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, पिशवीत पाना आणि थोड्या चाव्या, काखेत लाल-हिरवी निशाणं गुंडाळलेली. रुळाला स्लीपरशी, म्हणजे त्याच्याखालच्या आडव्या पट्ट्यांशी, धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या गाडीच्या हादऱ्याने सैल होतात, हळूहळू बाहेर सरकतात. कीमनने दोन्ही बाजू बघत जायचं आणि सैल दिसेल ती ठोकून बसवायची. वडील एक ठोका मारून क्षणभर थांबायचे. घट्ट चावीचा आवाज खणखणीत, सैल चावीचा बसका. मी फाटकाजवळ उभी राहून ते आवाज ऐकायची. ते वळणाआड गेले तरी कान देऊन ऐकायची, आणि एकामागून एक खणखणीत ठोके आले की आज काम हलकं आहे हे मला कळायचं.

फाटकाच्या पुढे त्यांनी मला कधी नेलं नाही. मी हट्ट केला, रुसले, जेवले नाही. "ती कामाची जागा," एवढंच म्हणायचे. पावसाळ्यात रात्रीची गस्त असायची. कंदील आणि फटाके घेऊन माणसं निघायची. दरड कोसळलेली दिसली, भराव खचलेला दिसला, तर रुळावर फटाका बसवायचा. इंजिनाच्या चाकाखाली तो फुटला की ड्रायव्हर गाडी उभी करतो. त्या रात्री आई झोपायची नाही. तर मला रूळ दिसला की वाट दिसत नाही, ती कामाची जागा दिसते. त्या जागेवर फोन वर धरून हसत चालणारी मुलं बघते तेव्हा माझा तोल जातो, हे तुला आधीच सांगून ठेवते.

वडिलांच्या गँगने, म्हणजे रूळ राखणाऱ्या टोळीने, रुळाखालच्या प्रत्येक मोरीला नाव दिलेलं होतं. रेल्वेचे नंबर वेगळे, यांची नावं वेगळी. कुठे साप निघाला म्हणून, कुठे कुणाची शिदोरी माकडांनी पळवली म्हणून. ती नावं त्या माणसांबरोबर गेली. ही रुखरुख मला आता जन्मभर पुरणार आहे. तू चालशील तेव्हा फाटकावरच्या माणसाशी बोल. गाडी येऊन जाईपर्यंत फाटक बंद असतं, तेवढा वेळ तुला मिळतोच. नाव विचार, पलीकडच्या ओहोळाला काय म्हणतात विचार, आणि तिथल्या तिथे वहीत लिही. फोनमध्ये नको, वहीत.

तू म्हणशील, बाई, हे सगळं भावनेचं झालं. बरं, मग पायांचं बोलू. आताच्या रुळाखाली किलोमीटरला साधारण १६६० काँक्रीटचे स्लीपर असतात. म्हणजे एका स्लीपरपासून दुसरा जेमतेम ६० सेंटीमीटरवर. तुझं पाऊल एकाला लांब पडतं आणि दोनाला अपुरं. मध्ये पाय टाकलास तर खडी, ती पायाखाली फिरते आणि घोटा मुरगळतो. मग मान खाली घालून स्लीपर मोजत चालायचं. ज्या मुलीला गोवा पायांनी बघायचा आहे तिने दिवसभर काँक्रीट बघायचं? आणि कान? मागून येणारी गाडी वाऱ्याची दिशा उलटी असली की उशिरा ऐकू येते. भरलेल्या मालगाडीचा ड्रायव्हर तुला बघून ब्रेक लावेल, भोंगा वाजवेल, पण गाडी तरीही कित्येकशे मीटर पुढे येणारच. त्या माणसाला स्टिअरिंग नसतं. पुढे जे होईल ते त्याला उघड्या डोळ्यांनी बघावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच केबिनमध्ये बसावं लागतं. तुझ्या हौसेसाठी एका अनोळखी माणसाला ही शिक्षा कशाला?

आता वाटेचं, कारण खरी गंमत तिथे आहे आणि तू नकाशावर तिकडे बघितलंच नाहीस.

मुरगाव बंदराच्या आत तुला कोणी सोडणार नाही, वास्को स्टेशनापासून सुरुवात कर. दाबोळीपर्यंतचा पट्टा विमानतळाचा, नौदलाचा आणि गाड्यांच्या धुराचा आहे. तो उजाडताच संपव, तिथे फोटो काढत बसू नकोस. सांकवाळला मात्र थांब. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी १८७६ साली या गावात जन्मले. संसार असलेला माणूस, १८९९ साली घर सोडून निघाला, बुद्धाचं काही वाचायला मिळावं म्हणून. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन. खिशात पैसे नाहीत, कितीतरी वाट पायीच तुडवलेली. तुला एकटीने चालायचं वेड कुठून लागलं असं घरी विचारतात ना? सांग, सांकवाळहून.

पुढे वेळसांव, आरोशी, कांसावली. इथे रेल्वे लोकांच्या अंगणाला लागून जाते. बायका कळशी घेऊन रूळ ओलांडताना दिसतील, शाळेची मुलं दिसतील. ते बघून मला लगेच फोन करू नकोस की बाई, इथे तर सगळेच रुळावर आहेत. ती त्यांची घरं आहेत, त्यांच्यापुढे दुसरा रस्ता ठेवलेला नाही, आणि दुपदरीकरणाला, म्हणजे शेजारी दुसरा रूळ टाकायला, त्यांचा विरोध त्याच कारणासाठी चालू आहे. त्यांची गरज आहे, तुझी हौस आहे. दोन्हींना एक माप लावायचं नाही.

माजोर्ड्याला कोकण रेल्वे येऊन मिळते. सुरावली, मग मडगाव. मडगावबद्दल मला काही सांगायचं नाही, लवकर बाहेर पड. बाहेर पडताना हमरस्ता सोड आणि कुडतरीच्या अंगाने जा.

इथे घाई केलीस तर माझा राग घेशील. तू डिसेंबराच्या सुमारास गेलीस तर सरद, म्हणजे पावसाळी भात, कापून झालेला असेल आणि वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, तयारी चालू असेल. काही शेतं पाण्याने भरलेली, काहींत तरव्याचा, भाताच्या रोपांचा, तो कोवळा हिरवा रंग, नांगरामागे किंवा टिलरमागे बगळ्यांची रांग. आणि या सगळ्याच्या पलीकडे सरळ आडवा रेल्वेचा भराव. गाडी त्याच्यावरून जाते तेव्हा आधी पाण्यात दिसते, मग वर बघितलं की वर दिसते. रुळावर उभी असतीस तर हे तुला कधीच दिसलं नसतं. तळ्याच्या बांधावर बस, आपल्या बाटलीतलं पाणी पी, पोय, म्हणजे आपला गोव्याचा पाव, असेल तर खा. सकाळी सायकलवरून पोदेर, म्हणजे पाववाला, जातो, त्याच्याकडून दोन पोया जास्तीच्या घेऊन ठेव, दुपारपर्यंत टिकतात. गिर्दोळीला पोचेपर्यंत तुझ्या लक्षात येईल की रेल्वेचा मार्ग आखणाऱ्याने जमीन कशी वाचली होती. शेताला टाळून, टेकडीच्या पायथ्याने, चढ कमीत कमी ठेवून. रुळापासून दूर उभं राहिल्याशिवाय हा आराखडा समजत नाही.

चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर, कदंब राजांची राजधानी. त्याच चांदरच्या रेल्वे फाटकावर १ नोव्हेंबर २०२० च्या रात्री माणसं जमली आणि पहाटेपर्यंत जागत उभी राहिली. दुपदरीकरण आणि कोळशाची वाहतूक, दोन्हींविरुद्ध. पुढे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे या जंगलातल्या पट्ट्यात दुसरा रूळ टाकायची मिळालेली मंजुरी रद्द केली. त्या रात्रीच्या लोकांना मी नियम सांगायला जाणार नाही. पण तू तिथे आंदोलनाला जात नाहीयेस, चालायला जातेयस, आणि चालणाऱ्याला माझा नियम लागू.

चांदरहून असोल्डा, शेळवण, कुडचडे. कुडचड्यातून सावर्ड्याला जाताना नदी लागते. रेल्वेचा पूल समोर दिसतो आणि रस्त्याचा पूल जरा वळसा घालून आहे. तुला तिथे मोह होईल. दोन पोरं त्या पुलावरून जाताना दिसतील, एखादा म्हातारा हात करून म्हणेल, जा गो, आता गाडी नाही. रस्त्याच्या पुलाने जा. मालगाड्या वेळापत्रक लावून येत नाहीत, आणि पुलावर बाजूला व्हायला जागा कुठून आणणार?

सावर्ड्यानंतर रस्ता लाल होतो. काले, शिगाव, कुळे. खनिजाचे ट्रक चालू असतील तर नाकातोंडावर रुमाल बांध आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाल. हळूहळू घरं विरळ होतात, झाडी दाटते, आणि मग रस्ता आणि रूळ एकमेकांना सोडत नाहीत. हा पट्टा सकाळीच संपव. ऊन चढल्यावर एकट्या माणसाचं डोकं नीट चालत नाही, आणि एकटं असताना तेवढंच तर आपल्याजवळ असतं.

दिवस कसे पाडायचे ते सांगते. रोजचा शेवट स्टेशनात कर. वास्को आणि कुळ्याच्या मध्ये पॅसेंजर गाड्या धावतात. त्यांच्या वेळा बदलतात, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी स्टेशनात विचारून घे. संध्याकाळी गाडीने घरी ये, आईच्या हातचं जेव, आणि सकाळी त्याच स्टेशनात उतरून पुढे चालायला लाग. तंबू, स्टोव्ह, पाठीवर डोंगर, यातलं काही लागत नाही. दोन लिटर पाणी, मीठ-साखरेची पुडी, टोपी, जास्तीचे मोजे, कुत्र्यांसाठी एक काठी. नवे बूट घेऊन निघालीस तर माझ्याशी बोलू नकोस, महिनाभर आधी वापरून मोड. सकाळी सहाला पाऊल टाक, अकरानंतर सावली बघून थांब. नाश्त्याला तिठ्यावरच्या हॉटेलात पातळभाजी-पाव खा. तिथल्या माणसाला कळतंच की ही चालत निघालीय, आणि मग पुढच्या गावापर्यंत तुझ्याआधी तुझी बातमी पोचलेली असते. एकट्या मुलीला याच्याहून चांगली राखण मला तरी माहीत नाही. रुळावर ती मिळत नाही. तिथे तुला बघणारं कोणी नसतं.

आता घाट. कुळे ते कॅसलरॉक, ब्रागांझा घाट. ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर चढ, असा तो उभा आहे. कुळ्यात गाडीला मागून जोर द्यायला जादा इंजिनं लावतात, तीही थांबून बघण्यासारखी आहेत. रूळ अभयारण्यातून जातात. बोगदे वळणावर आहेत, आतून पलीकडचं तोंड दिसत नाही. तुझी मैत्रीण म्हणते बोगद्याच्या भिंतीत उभं राहायला कोनाडे असतात. असतात. ते गँगमधल्या माणसांसाठी आहेत, ज्यांना पुढची गाडी कुठल्या स्टेशनातून सुटली हे ठाऊक असतं. तुला ठाऊक असणार आहे का? रेल्वे कायद्याच्या १४७व्या कलमात विनापरवाना रुळावर शिरण्याला दंड आहे, कैद आहे. जुलै २०२३ मध्ये बंदी मोडून घाटातल्या दूधसागर धबधब्याकडे गेलेल्यांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या, तो व्हिडिओ तूही बघितला असशील. मला त्या उठाबशांचं सुख नाही. पण पोलीस नसते तर चाललं असतं, हा जो तुझ्या प्रश्नाचा सूर आहे तो मला सहन होत नाही. पहाटे चारला कोणी बघत नाही म्हणून कामाची जागा तुझी होत नाही.

अर्धवट राहील का? हे मला खूप ऐकवलं गेलं आहे. मी हे चालणं केलं तेव्हा माझं वय पन्नाशीच्या पुढे गेलं होतं. कुळ्याला पोचले, तिकीट काढलं, गाडीत बसले, घाट चढून कॅसलरॉकला उतरले, फलाटावर डबा खाल्ला आणि परतीच्या गाडीने खाली आले. नंतर एका गिर्यारोहण मंडळात या चालण्याबद्दल बोलायला मला बोलावलं होतं. घाट गाडीने केला असं कळल्यावर निरोप आला की कार्यक्रमात जागा नाही. पूर्ण चालणाऱ्यांनाच बोलावतो म्हणे. मी वाद घातला नाही, पण मनातून ते गेलेलं नाही. पूर्ण म्हणजे काय? माझ्या वडिलांसारख्या माणसांनी ठोकून घट्ट ठेवलेल्या रुळावरून मी तिकीट काढून, खिडकीत बसून गेले. खाली दरीत ढग होते, दूधसागरचं पाणी डब्यात उडत होतं, आणि माझ्यासमोर बसलेली लोंढ्याची बाई मला काकडी कापून देत होती. ३१० मीटरचा धबधबा बघायला गाडीची खिडकी पुरते. माझं चालणं कुळ्यात पूर्ण झालं, असं मी तेव्हा म्हणत होते आणि आजही म्हणते. या एका गोष्टीत मला कोणी हट्टी म्हटलं तर म्हणू दे.

आणि कुळं काही थोडंथोडकं गाव नाही. पोर्तुगीज राज्यात गोव्यात शिरणाऱ्या गाडीची जकात तपासणी इथे व्हायची, घाटमाथ्यावर कॅसलरॉकला ब्रिटिशांची. जूनमध्ये मडगावात सभा घेऊन गेलेले डॉ. राममनोहर लोहिया १९४६च्या सप्टेंबरात परत गोव्यात आले, तेव्हा त्यांना याच कुळ्याच्या स्टेशनात पकडलं आणि आग्वादच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. तू ज्या फलाटावरून लपतछपत पुढे सरकायचा बेत करते आहेस तो हा फलाट आहे. तिथे ताठ उभी राहा, तिकीट खिशात ठेवून.

एकटी जाणार असलीस तरी एखाद्या टप्प्याला मैत्रिणींना बरोबर घ्यायचं की नाही ते तू बघ. त्यांच्यातली एक जरी म्हणाली की चल, फक्त शंभर पावलं, फोटोपुरती, तर तिला तिथल्या स्टेशनात गाडीत बसवून घरी पाठव. मी गंभीरपणे सांगते आहे. शंभर पावलं म्हणणारा माणूस हजारांना थांबत नाही.

लाल रेघ पुसून नवी काढ आणि मला पाठव. रस्त्यांची नावं घालून, स्टेशनांवर गोल करून. दिवाळीनंतर दमट उकाडा जरा उतरला की तारीख ठरव, जानेवारीच्या पलीकडे ढकलू नकोस. चांदर ते कुडचडे ज्या दिवशी चालशील त्या दिवशी दुपारी माझ्याकडे जेवायला यायचं आहे. आदल्या रात्री कळव म्हणजे बाजारातून मासे आणून ठेवते. सोमवार आला तर शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण असेल, त्यात खतखतं, आपली मिसळीची भाजी, करीन. बूट बाहेर काढ, पाय धुवायला मागच्या दारी बादली ठेवलेली असेल.

तुझी,
बाई